चित्रकलेचा हात आणि दातांचा दवाखाना

बारावीनंतर 'नीट'चे गुण हाती आले की घरोघरी तोच हिशेब सुरू होतो: एमबीबीएस नाही मिळालं तर बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदवी. त्या हिशेबातून आलेली कितीतरी मुलं पहिलं वर्षभर हिरमुसलेली असतात. ज्यांना चित्रं काढायला, माती मळायला, हातानं काही घडवायला आवडतं आणि लोकांच्या उपयोगीही पडायचंय, त्यांनी मात्र बीडीएस पहिल्या पसंतीनं घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

अभ्यासक्रम चार वर्षांचा, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्राच्या जाडजूड पुस्तकांबरोबर हातात मेणाचा ठोकळा आणि कोरणी येते. त्यातून दात कोरायचा. वरचा मधला पटाशीचा दात दिसतो साधा, पण त्याचा मध्यरेषेकडचा कोपरा टोकदार असतो, दुसरा गोलसर. एवढं निसटलं की तो डावा की उजवा हेच ओळखू येत नाही. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलांचा हात इथे लवकर बसतो. त्यांनाही एक सवय मात्र सोडावी लागते, मनातला दात कोरायची. दर वेळी समोरच्या नमुन्याकडे नव्यानं बघावं लागतं, आणि पुढे सगळी वर्षं हेच उपयोगी पडतं.

रंगाचंही तसंच. दाताची छटा निवडायची तर दिवसाच्या उजेडात, दात ओलसर असताना, आणि कामाच्या सुरुवातीलाच. कोरडा पडलेला दात जास्त पांढरा दिसतो. एकटक बघत राहिलं तर डोळा थकतो आणि फसतो, म्हणून काही सेकंद बघायचं, नजर हटवायची, पुन्हा बघायचं.

माझा विषय कृत्रिम दंतशास्त्र, म्हणजे कॅप, ब्रिज आणि कवळ्या. मेणावर दात लावून कवळी तोंडात बसवून बघतो तेव्हा आम्ही रुग्णाला एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असे आकडे म्हणायला लावतो. 'स' नीट उमटतो का, बोलताना वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटतात का, ते त्यात कळतं. मग आरसा हातात द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. एका आजींनी माझी सरळ रेषेत लावलेली शुभ्र दंतपंक्ती पाहून पिशवीतून लग्नातला फोटो काढला. त्यांचा पुढचा एक दात किंचित वळलेला होता. तो तसाच हवा होता त्यांना. मी मेण गरम करून दात वळवला, आणि त्यांची सून म्हणाली, "आता आमच्या आई दिसतात." तरुण डॉक्टरांना सगळ्यांना एकसारखं, पांढरंशुभ्र हसू द्यायचा मोह होतो. तो आवरायला शिका.

या शाखेचा मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग म्हणजे चेहऱ्याचे कृत्रिम अवयव. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी खर्रा, मावा, तंबाखू सुटलेली नाही आणि तोंडाचे कर्करोग येतच राहतात. शस्त्रक्रियेत वरचा जबडा काढला की टाळूला भोक पडतं. प्यायलेला चहा नाकातून येतो, बोलणं गेंगाणं होतं, माणूस चारचौघांत जेवणं सोडतो. त्या भोकाचं माप घेऊन आम्ही ऑब्च्युरेटर करतो. ती एक प्लेटच, तिच्यावर भोकात बसणारा फुगीर भाग, आणि वजन कमी राहावं म्हणून तो आतून पोकळ. ती नीट बसली की रुग्ण त्याच खुर्चीत घोटभर पाणी पितो आणि नाकाला हात लावून बघतो. हे समाधान मला दुसऱ्या कुठल्याच कामात मिळालेलं नाही.

कृत्रिम डोळ्यात तर शुद्ध चित्रकला आहे. एका छोट्या चकतीवर बुबुळ थराथरानं रंगवायचं, कडेची गडद वर्तुळरेषा सोडायची नाही. डोळ्याचा पांढरा भाग खरं तर पांढरा नसतोच, वयाबरोबर पिवळसर होतो, आणि त्यावरच्या शिरांसाठी बारीक लाल धागे लावावे लागतात. सिलिकॉनचा कान करताना दुसऱ्या कानाची आरशातली प्रतिमा मेणात उतरवायची. त्वचेचा रंग खिडकीपाशीच जुळवावा, ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर उन्हात वेगळाच दिसतो.

पण सिलिकॉनचा रंग उन्हानं उतरतो, शेतात राबणाऱ्यांचा तर लवकरच. वाढत्या मुलाचा डोळा लहान पडतो, कवळी हिरड्या झिजल्या की सैल होते. म्हणून एकदा शिबिर घेऊन, फोटो काढून निघून जाण्याला मी सेवा म्हणत नाही. रुग्ण दोन वर्षांनी परत आला तर आपण तिथे सापडलो पाहिजे.

पैशाचंही स्पष्ट सांगते. फक्त कृत्रिम कान-डोळे करून दवाखाना चालत नाही. रूट कॅनॉल, कॅप, कवळ्या यांवर घर चालवायचं आणि आठवड्यातले काही तास एखाद्या कर्करोग रुग्णालयासाठी राखायचे, हा मार्ग मला जमलेला आहे. त्यासाठी बीडीएसनंतर 'नीट एमडीएस' देऊन तीन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं. प्रवेशाआधी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात, नाहीतर मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात या विषयाच्या विभागप्रमुखांना विचारून एक दिवस काम बघून या. डॉक्टरांशी बोलाच, पण प्रयोगशाळेतल्या डेंटल टेक्निशियनशेजारीही बसा. मेण, प्लास्टर आणि रंग यांचं निम्मं शिक्षण मला त्यांच्याच टेबलावर मिळालं.