लहान मुलाचा केमोपोर्ट काढताना: तयारी, उपवास आणि नंतरचे दोन आठवडे

एएलएल प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. तेवढा काळ छातीच्या कातडीखाली राहिलेला पोर्ट, म्हणजे केमोची औषधं देण्यासाठी बसवलेली, नळीने शिरेला जोडलेली छोटी डबी, काढणं सर्जनच्या लेखी किरकोळ काम असतं. सकाळी दाखल, बहुतेक वेळा संध्याकाळी घरी. घरच्यांनाही वाटतं, एवढं सोसलेल्या पोराला याचं काय! पण शेकडो सुया टोचून घेतलेलं मूल धीट झालेलं असतंच असं नाही. पुढे काय होणार ते त्याला इतरांपेक्षा जास्त नेमकं माहीत असतं. त्यामुळे ‘काही नाही होणार’ या वाक्यावर ते विश्वास ठेवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तारीख घेताना

रक्ताची तपासणी ताजी हवी. प्लेटलेट 50 हजारांच्या वर असाव्यात अशी बहुतेक सर्जनची अपेक्षा असते. पांढऱ्या पेशींचं काय, ते तुमचे कर्करोगतज्ज्ञ ठरवतील. उपचारांत डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन ही हृदयावर परिणाम करू शकणारी केमोची औषधं दिली असतील, तर हृदयाचा शेवटचा इको केव्हाचा आहे हे भूलतज्ज्ञ विचारतात. तो रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवा. काढायची तारीख लांबली, तर तोवर पोर्ट फ्लश करत (नळी तुंबू नये म्हणून आत द्रावण सोडून धूत) राहावं लागतं. वापरात नाही म्हणून ते सोडून देऊ नका.

भूलतज्ज्ञांना तीन गोष्टी न विचारताही सांगा. पहिली: स्टेरॉइडची शेवटची गोळी कोणत्या तारखेला दिली. बराच काळ स्टेरॉइड घेतलेल्या शरीराला शस्त्रक्रियेच्या ताणात स्वतःचं स्टेरॉइड पुरेसं बनवता येत नाही, म्हणून कधी वरून डोस द्यावा लागतो. दुसरी: पाठीतल्या इंजेक्शनांच्या वेळी भूल दिल्यावर मुलाला उलट्या झाल्या का, जागं होताना ते बिथरलं का. तिसरी: हलणारा दात. पाच-सहा वर्षांच्या मुलांत हा विसरला जातो, आणि भूल देताना पडलेला दात श्वासनलिकेत जाऊ शकतो.

गेल्या दोन आठवड्यांत ताप, छातीत घरघर किंवा ओला खोकला झाला असेल तर आदल्या दिवशीच फोन करा. तारीख हुकेल म्हणून सर्दी लपवणारे पालक कमी नसतात, पण अशा मुलाचा श्वास भुलेखाली अडू शकतो. हे ऑपरेशन चार आठवडे पुढे गेलं म्हणून सहसा बिघडत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील, तर पोर्ट काढण्याचा खर्च कशात बसतो हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. खासगी विमा असेल तर डे-केअर म्हणून पूर्वमंजुरी घ्या. दाखल होण्याच्या सकाळी खिडकीपाशी हे निस्तरत बसलात, तर उपाशी मूल तुमच्या कडेवर असेल.

मुलाला काय सांगायचं

तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितलं तरी पुरतं. सहाच्या पुढच्या मुलाला आठवडाभर आधी सांगा, त्याला प्रश्न विचारायला वेळ लागतो. वाक्यं लहान आणि खरी ठेवा: ‘तुझं औषध संपलं, म्हणून डॉक्टर पोर्ट काढणार. भुलेचं औषध दिल्यावर तुला काही कळणार नाही, दुखणारही नाही. उठशील तेव्हा इथे पट्टी असेल आणि थोडं दुखेल. त्यावर औषध आहे.’ नुसतं ‘तुला झोपवणार’ म्हणू नका. रात्री मध्येच जाग येते हे मुलाला माहीत असतं, मग ऑपरेशनच्या मधेच उठलो तर, अशी भीती धरते. भूलतज्ज्ञ शेवटपर्यंत शेजारी बसून असतात, हेही सांगा.

पोर्ट जाणार म्हटल्यावर काही मुलं खूश होण्याऐवजी रडतात. त्यामागे साधा हिशोब असतो: पोर्ट नसेल तर आता रक्त कुठून काढणार? उत्तर ‘हातातून’ हेच आहे, आणि ते आधीच द्यायला हवं. नाहीतर पुढच्या तपासणीला मूल फसवल्यासारखं वागेल, आणि त्याचं चूक नसेल.

भूल कशी देणार हेही विचारून घ्या: पोर्टमधूनच, हाताच्या शिरेतून, की मास्कने? मास्क असेल तर शक्य झाल्यास एक मागून घरी आणा आणि बाहुलीला, आजोबांना, सगळ्यांना लावून खेळा. हातात सुई असेल तर लिग्नोकेन-प्रायलोकेनचं बधिर करणारं मलम तासभर आधी, वर प्लास्टिकची पट्टी चिकटवून, लावावं लागतं. पाच मिनिटं आधी लावून उपयोग नाही.

उपवास

घन अन्न आणि दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास आधी, पाणी 2 तास आधी. काही ठिकाणी पाणी तासभर आधीपर्यंत चालतं. तुमच्या रुग्णालयाने दिलेली वेळ कागदावर लिहून फ्रिजला लावा. चहा दुधातच मोजायचा, पेजही घन अन्नातच. ऑपरेशन रद्द होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लेकरू उपाशी बघवत नाही म्हणून आजीने हळूच दिलेलं ग्लुकोज बिस्किट. आजीला रागावण्यापेक्षा कारण सांगा: भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. आणि असं काही खाल्लं गेलंच, तर लपवू नका.

उलट चूकही होते. भीतीपोटी रात्रीपासून पाणीसुद्धा देत नाहीत; मग मूल चिडतं, सुकतं आणि शीर सापडत नाही. परवानगीच्या वेळेपर्यंत उठवून साखरपाणी पाजा. सकाळची चालू औषधं घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, हे आदल्या दिवशीच विचारा.

बोटांवर मेंदी लावू नका आणि नेलपॉलिश काढा, कारण बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागतो. करदोटा, ताईत, काळा दोरा आत चालत नाही. तो कापण्याची वेळ येऊ देऊ नका. घरीच सोडवा आणि आईच्या मनगटाला बांधा. समोरून बटणं असलेला सदरा घाला, म्हणजे येताना डोक्यावरून ओढावा लागत नाही.

आत आणि बाहेर आल्यावर

अर्धा-पाऊण तास सांगितलेला असतो. पोर्ट बरीच वर्षं राहिला असेल तर नळी शिरेला चिकटलेली असू शकते; ती जपून सोडवायला वेळ जातो. घड्याळ बघून घाबरू नका.

शुद्धीवर येताना काही लहान मुलं डोळे उघडे ठेवून किंचाळतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. हे बहुतेक वेळा वेदनेचं नसून भुलेचं असतं आणि अर्ध्या तासात ओसरतं. त्या वेळी समजावून उपयोग नाही. हळू आवाजात एकच वाक्य बोलत राहा आणि हातातली सलाईनची सुई ओढली जाणार नाही एवढं बघा.

घरी

केमोच्या काळात तुम्हाला एक नियम पाठ झालेला असतो: ताप आला तर पॅरासिटामॉल आधी नाही, फोन आधी. आता तेच औषध दुखण्यासाठी द्यायचंय. म्हणून प्रत्येक डोसआधी काखेतलं तापमान बघा, नाहीतर औषधाखाली ताप झाकला जाईल. नेहमीचा डोस किलोमागे 15 मिलीग्रॅम, दर 6 तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. तुमच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच खरा. 14 किलोच्या मुलाला 210 मिलीग्रॅम, म्हणजे 5 मिलीत 250 असलेलं सिरप 4.2 मिली, किंवा 5 मिलीत 120 असलेलं 8.75 मिली. बाळांच्या थेंबांच्या बाटलीत मात्र एका मिलीतच 100 मिलीग्रॅम असतात. तिच्यातून 4.2 मिली काढलं तर डोस दुप्पट होतो. बाटलीवरचा आकडा दरवेळी वाचा. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन विचारल्याशिवाय नको.

पट्टी सहसा 48 तास कोरडी ठेवायला सांगतात. तोवर अंग पुसून घ्या. पोहणं, टबमध्ये डुंबणं दोन आठवडे बंद. बगलेत हात घालून उचलू नका, एक हात ढुंगणाखाली घ्या. दप्तराचा पट्टा जखमेवर येत असेल तर तेवढे दिवस दप्तर तुम्ही धरा. हळद, राख, तेल काहीही लावायचं नाही.

जखमेतून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने 10 मिनिटं सलग दाबा, मधे उचलून बघू नका. तरी थांबलं नाही, किंवा नळी मानेतल्या शिरेतून गेलेली असेल आणि तिथे सूज वाढत असेल, तर रुग्णालय गाठा. ताप 100.4 च्या वर, थंडी वाजून येणं, पू, पसरत जाणारी लाली यांसाठी सकाळची वाट पाहायची नाही. जखमेभोवती थोडं निळसर दिसणं आणि कडेला गाठीसारखं लागणं मात्र नेहमीचं आहे; गाठ काही आठवड्यांत विरते.

पुढच्या रक्ततपासणीला जाताना मलम घरूनच, दोन्ही कोपरांच्या खाचेत लावून निघा. पहिल्या हाताची शीर सापडली नाही तर दुसरा हात बधिर तयार असतो.