एप्रिलमधल्या पिचरवर किती विश्वास ठेवायचा

अमेरिकन बेसबॉलच्या सीझनचा पहिला पंधरवडा उलटला की आमच्या फँटसी लीगच्या (खरे खेळाडू निवडून, त्यांच्या आकड्यांवर आपापसात खेळायचा खेळ) ग्रुपवर दरवर्षीचा गोंधळ सुरू होतो. ज्याच्या पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या नावावर लागलेले रन, एकच्या खाली, तो मिशीला पीळ देत फिरतो. ज्याचा सहाच्या वर, तो पिचरला नारळ द्यायला निघतो. दोघांनाही मी एकच सांगते: मे महिना संपेपर्यंत ईआरएकडे बघूच नका.

हिशोब करून बघा. दोन स्टार्ट (पिचरने पहिल्या चेंडूपासून टाकलेले सामने), 12 इनिंग, पिचरच्या नावावर 2 रन. दोन गुणिले नऊ, भागिले बारा: 1.50. तिसऱ्या स्टार्टला गड्याने दोन इनिंगमध्ये 6 रन दिले. आता 14 इनिंगमध्ये 8 रन झाले आणि ईआरए पोचला 5.14 वर. एका संध्याकाळीत हिरोचा झिरो! आणि एक चांगली संध्याकाळही तशीच फसवते. फिलिप हंबर बघा. 21 एप्रिल 2012 ला व्हाइट सॉक्सच्या या पिचरने सिएटलमध्ये परफेक्ट गेम टाकला, 27 बॅटर आले आणि 27 च्या 27 आउट. सीझनअखेर त्याचा ईआरए होता 6.44.

मग बघायचं काय? स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर आउट) आणि वॉक (चार बाहेरच्या चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस). या दोन्हींत फिल्डरचा हात नसतो. चेंडू बॅटला लागून मैदानात गेला की फिल्डरचे पाय, वारा, नशीब, सगळेच मध्ये येतात. अशा दहा चेंडूंपैकी साधारण तीन हिट ठरतात, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर पोचतो. एप्रिलमध्ये एखाद्याचे दोनच ठरत असतील, तर त्याचं कौतुक जरा आवरा. हे आकडेही दर नऊ इनिंगमागे न मोजता, समोर आलेल्या बॅटरपैकी किती, असे मोजा. स्ट्राइकआउटचा अंदाज 70 बॅटरनंतर, म्हणजे तीनेक स्टार्टमध्ये येतो. वॉकसाठी त्याच्या दुपटीहून जास्त थांबावं लागतं.

दुसरी गोष्ट फास्टबॉलचा वेग. बेसबॉल सॅव्हंट या साइटवर तो फुकट बघायला मिळतो. तुलना मात्र त्याच पिचरच्या गेल्या एप्रिलशी करा, गेल्या ऑगस्टशी नको. थंडीत हात मोकळा व्हायला वेळ लागतो, वेग उन्हाळ्यात चढतो. ताशी एक मैल कमी दिसला तर सोडून द्या. सलग दोन स्टार्टमध्ये दोन मैल कमी, तर कान टवकारा. एकाच सामन्यात पहिल्या इनिंगला 96 आणि चौथ्या इनिंगला 92 असेल, तर मी त्याच रात्री बदली पिचर शोधायला घेते.

एप्रिलमध्ये पाच इनिंगनंतर पिचर काढला म्हणून मॅनेजरला शिव्या घालणारे मला पटत नाहीत. 13 एप्रिल 2022 ला मिनियापोलिसच्या कडाक्याच्या थंडीत डॉजर्सच्या क्लेटन कर्शॉने 21 पैकी 21 बॅटर आउट केले होते, त्यात 13 स्ट्राइकआउट. 80 पिच (टाकलेले चेंडू) झाल्या आणि मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सने त्याला थांबवलं. केवढी बोंबाबोंब झाली! पण आदल्या सीझनच्या शेवटी कर्शॉचा हात दुखावला होता आणि लॉकआउटमुळे (टीम मालकांनी खेळाडूंवर लावलेल्या टाळेबंदीमुळे) सरावही तोकडा झाला होता. रॉबर्ट्सचं बरोबरच होतं.

आकडे चांगले म्हणजे हात चांगला, असंही समजू नका. 2024 मध्ये क्लीव्हलंडच्या शेन बीबरने पहिल्या दोन स्टार्टमध्ये 12 इनिंग टाकल्या: 20 स्ट्राइकआउट, 1 वॉक, रन शून्य. नाव ठेवायला जागा नाही. आणि लगेच बातमी आली, टॉमी जॉन सर्जरी, म्हणजे कोपरातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरं बसवणं. त्याच आठवड्यात अटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरचं कोपर गेलं. आदल्या वर्षी 281 स्ट्राइकआउट घेणारा गडी!

म्हणून बातम्या वाचायला शिका. ‘फोरआर्म टाइटनेस’ (कोपराखालचा हात आखडणं) ऐकायला किरकोळ वाटतं, पण मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच. मनगट ते कोपर या भागातले स्नायू कोपराच्या आतल्या लिगामेंटवरचा ताण झेलतात, त्यामुळे कुरकुर तिथे असली तरी दुखणं बऱ्याचदा लिगामेंटचं निघतं. मग एमआरआय, मग ‘सेकंड ओपिनियन’. त्यात ही सर्जरी करणारे टेक्सासचे डॉ. कीथ माइस्टर किंवा लॉस एंजेलिसचे डॉ. नील एलाट्राश यांचं नाव आलं, की त्या सीझनपुरती आशा सोडा. डॉ. फ्रँक जोब यांनी 1974 मध्ये टॉमी जॉन या पिचरवर ही सर्जरी पहिल्यांदा केली. आजही परत यायला वर्षाच्या वरच लागतं.

सामना लाइव्ह बघत असाल तर पिच टाकल्यानंतरचा हात बघा. पिचर हात झटकतो, बोटं उघडमीट करतो, कॅचर डगआउटकडे (टीमच्या बसायच्या जागेकडे) खूण करतो, ट्रेनर धावत येतो. ट्रेनरसमोर दोन-चार पिच टाकून बघितल्या तर अजून आशा आहे. एकही न टाकता खाली मान घालून निघाला, तर एमआरआयची वाट कशाला बघायची?

इंजर्ड लिस्टचे (जखमी खेळाडूंच्या यादीचे) दिवस शब्दशः घेऊ नका. पिचरसाठी 15 दिवस ही कमीत कमी मुदत आहे, परतीची तारीख नव्हे. तारीख तीन दिवसांपर्यंत मागची धरता येते, तेवढी सवलत. 60 दिवसांच्या लिस्टवर टाकलं तर 40 खेळाडूंच्या रोस्टरवर (टीमच्या यादीत) टीमला एक जागा मोकळी मिळते, म्हणजे तो लवकर येणार नाही हे टीमनेच मान्य केलं. तुमच्या लीगमध्ये इंजर्ड लिस्टची वेगळी जागा असेल तर तिथे सरकवा. नसेल तर रिलीज करा आणि वेव्हरवर (लीगमध्ये कुणाच्याच टीममध्ये नसलेल्यांत) जास्त स्ट्राइकआउट, कमी वॉक, पण ईआरए पाचच्या वर असलेला कुणी पडलाय का ते बघा. तो बहुतेक कुणी उचललेला नसतो.