पिकअपच्या रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखे बसवताना

बोलेरोसारख्या पिकअपमध्ये रेडिएटरचा पंखा इंजिनच्याच जोरावर फिरतो. त्याचं व्हिस्कस कपलिंग (पंखा आणि इंजिन यांना जोडणारा, आत घट्ट तेल असलेला दुवा) ढिलं पडलं की ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर चढू लागतो आणि इलेक्ट्रिक पंख्यांचा विषय निघतो. पण रेडिएटरची जाळी मातीने बुजली असेल, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल किंवा रेडिएटरच्या कॅपचा रबर गेला असेल, तर पंखे बदलून काही होणार नाही. आधी ते बघा. रोज टनभर माल घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या गाडीला तर नवं व्हिस्कस कपलिंगच बरं. तिथे गाडी हळू आणि इंजिन जोरात चालतं. तेवढी हवा स्वस्तातले इलेक्ट्रिक पंखे ओढत नाहीत.

पंखे घ्यायच्या आधी जागा मोजा. जुना पंखा काढल्यावर वॉटर पंपाची पुली आणि रेडिएटर यांच्यात जे अंतर मिळतं, त्यातून नव्या पंख्याची मोटरसकट जाडी वजा करून किमान २५ मि.मी. उरायला हवेत. क्लच सोडताना इंजिन माउंटिंगवर हलतं, त्यासाठी ही मोकळीक. जाळीची रुंदी २४ इंचांहून जास्त असेल तर १२ इंचांचे दोन पंखे, नाहीतर १६ इंचांचा एक. इंजिनच्या बाजूने बसणारे, हवा ओढणारेच घ्या.

काही गाड्यांत व्हिस्कस पंख्याच्या नटाला उलटे आटे असतात; पान्यावर जोर लावण्याआधी खात्री करा. पंखा निघाल्यावर तेच बोल्ट परत लावले तर ते लांब पडतात, तळाला टेकतात आणि पुली सैलच राहते. वॉशर टाका किंवा आखूड बोल्ट घ्या.

जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी पंखे बांधू नका. थरथरीने त्या नळ्या घासतात आणि काही महिन्यांत कूलंट गळू लागतं. लोखंडी पट्टीचे ब्रॅकेट रेडिएटरच्या चौकटीला लावा आणि पूर्ण जाळी झाकणारा श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण) वापरा. श्राउड नसेल तर पंख्यासमोरच्या गोलातूनच हवा जाते, कोपरे गरमच राहतात.

खरं काम वायरिंगचं आहे आणि बहुतेक घोळ तिथेच होतात. १२ इंचांचा पंखा साधारण ८ ते १२ अँपिअर घेतो, सुरू होताना त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून प्रत्येक पंख्याला स्वतंत्र ४० अँपिअरची रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), ३० अँपिअरचा फ्यूज आणि ४ चौरस मि.मी.ची तांब्याची वायर द्या. फ्यूज बॅटरीजवळच हवा. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून रिलेच्या ३० नंबरच्या टर्मिनलला, ८७ वरून पंख्याला. ८६ ला इग्निशन ऑन असतानाच येणारा करंट, म्हणजे चावी काढल्यावर पंखे बॅटरी खात बसणार नाहीत. दोन्ही रिलेंचे ८५ एकत्र जोडून तापमानाच्या स्विचमार्गे अर्थ करा, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडा. एसी असेल तर तिसरी छोटी रिले लागेल: तिची कॉइल कॉम्प्रेसर क्लचच्या वायरवर, ३० अर्थला, ८७ त्या ८५ च्या जोडावर. एसी लावला की पंखे फिरतात. पंख्याचा अर्थ रंग खरवडून, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, घट्ट आवळा; पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड तापून काळा पडतोच.

स्विच थर्मोस्टॅटपेक्षा वरच्या तापमानाचा हवा. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडत असेल तर ९२ ला सुरू, ८७ ला बंद होणारा घ्या. ८२ चाच घेतला तर पंखे दिवसभर फिरत राहतील. तो इंजिनमधून पाणी बाहेर येतं त्या बाजूला बसवा. ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) सेन्सरची वायर मात्र फोडू नका, रीडिंग चुकतं.

बसवून झाल्यावर ग्रिलसमोर कागद धरा. तो चिकटला तर दिशा बरोबर. उडाला तर मोटरच्या वायरी उलट्या लागल्यात. मग हेडलाइट, ब्लोअर, एसी आणि दोन्ही पंखे चालू ठेवून आयडलवर बॅटरीचा व्होल्टेज मोजा. तो १३ च्या खाली जात असेल तर अल्टरनेटर कमी पडतोय. १५ मिनिटांनी रिलेचा सॉकेट हाताने चाचपा: कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर टर्मिनल पुन्हा क्रिम्प करा.

डॅशबोर्डवर पंखे बंद करायचा एक स्विचही द्या. पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यातून जाताना पाती पाण्यात फिरली तर वाकून जाळीवर घासतात. पाणी ओलांडल्यावर तो लगेच परत चालू करा.