डिस्क चालू झाली की नेटवर्क का अडखळतं? रास्पबेरी पायवर मोजून बघा

रास्पबेरी पाय ३ बी प्लस या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाला यूएसबी हार्ड डिस्क लावून घरचा फाइल सर्व्हर केलाय? मग फाइल कॉपी करताना नेटवर्क रखडलेलं पाहिलं असेल. मी बरेच दिवस केबलला शिव्या घालत होतो. बिचारीचा काही दोष नव्हता. २०१८ च्या या मॉडेलमध्ये इथरनेट आणि चारही यूएसबी पोर्ट एकाच यूएसबी २.० बसवरून, म्हणजे डेटाच्या सामायिक रस्त्यावरून, प्रोसेसरपर्यंत जातात. सेकंदाला ४८० मेगाबिटचा हा एकपदरी पूल, एका वेळी एकाच दिशेची वाहतूक. त्यावर खोळंबा किती होतो ते मोजता येतं.

आधी पाय आणि लॅपटॉप दोन्ही केबलने गिगाबिट राउटरला जोडा. वायफाय स्वतःचाच गोंधळ घालतं. पायच्या स्क्रीनवर पिवळ्या विजेचं चिन्ह दिसत असेल तर वीजपुरवठा कमी पडतोय, अडॅप्टर बदला. नाहीतर प्रोसेसर मंदावतो आणि आळ बसवर येतो.

डिस्क शांत असताना लॅपटॉपवरून पायला ३०० पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते सांगणारे छोटे निरोप) पाठवा, दर ०.२ सेकंदाला एक. शेवटच्या ओळीतली सरासरी आणि कमाल वेळ वहीत उतरवा. मग पायवर आयपर्फ या नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा सर्व्हर लावून मिनिटभर वेग मोजा; साधारण ३०० मेगाबिटच्या वर जाणार नाही.

आता डीडी या डेटा वाचण्या-लिहिण्याच्या कमांडने डिस्कवरची एक मोठी फाइल वाचायला लावा आणि वाचन चालू असतानाच दोन्ही मोजमापं पुन्हा घ्या. इथे हमखास फसगत होते: तीच फाइल दुसऱ्यांदा वाचली की ती रॅममधूनच येते, डिस्कचा दिवाही लुकलुकत नाही आणि आपण खूश. म्हणून डीडीला रॅम टाळून थेट वाचायला लावणारा ‘डायरेक्ट’ हा पर्याय द्यायचाच.

खरी गंमत तिसऱ्या फेरीत. तीच फाइल एसडी कार्डवर ठेवून वाचा. कार्डाचा रस्ता यूएसबीवरून जात नाही. मात्र दोन्ही वाचनांचा वेग सारखा हवा. पीव्ही ही वेगाला मर्यादा घालणारी कमांड वापरून सेकंदाला १५ मेगाबाइटवर बांधून टाका. आकडे फक्त यूएसबी डिस्कच्या वेळी बिघडले तर दोष बसचा. कार्डाच्या वेळीही तेवढेच बिघडले तर प्रोसेसरकडे बघा.

फेऱ्यांचा क्रम बदलून सगळं तीनदा करा. सरासरीवर भिस्त ठेवू नका, ती गोडगोड बोलते. व्हिडिओ अडकतो तो कमाल वेळेमुळे.

बसच दोषी निघाली तर बॅकअप रात्री लावा, किंवा २०१९ चं पाय ४ घ्या. त्यात इथरनेटला वेगळा रस्ता आहे.