बांधून घेतलेल्या जुन्या इंजिनातील कॅमशाफ्ट: झीज कशी ओळखावी आणि कशी टाळावी

रिंग-पिस्टन नवे, क्रँक ग्राइंड केलेला, हेडचे काम झालेले, आणि तरीही काहीशे किलोमीटरच्या आत टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर टेकून वर-खाली होणाऱ्या ठोकळ्याचा, आवाज सुरू होतो. अँबॅसिडर, पद्मिनी किंवा जुनी जीप सांभाळणाऱ्या इंदूरकरांपैकी अनेकांना ही तक्रार परिचयाची असेल. पुढील विवेचन १४८९ सीसीच्या पेट्रोल अँबॅसिडरसारख्या, म्हणजे कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि त्यावर सपाट तळाचे टॅपेट असलेल्या इंजिनांपुरते आहे. अँबॅसिडरच्याच इसुझू इंजिनात कॅमशाफ्ट हेडमध्ये असल्याने तेथे मोजमापाची पद्धत वेगळी ठरते.

आवाज आला की मिस्त्री फीलर गेज (फट मोजण्याच्या पात्या) घेऊन टॅपेट सेट करतो आणि काही दिवस शांतता लाभते. एकाच व्हॉल्व्हचे अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांमधील फट, पुनःपुन्हा वाढत असेल, तर मात्र स्क्रू सैल होण्यापेक्षा कॅमचा लोब (टॅपेट उचलणारा फुगवटा) किंवा टॅपेटचा तळ झिजत असण्याची शक्यता अधिक असते. एक्झॉस्टचा लोब झिजला की जळालेला वायू सिलिंडरमधून पूर्ण बाहेर पडत नाही आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडताच कार्बोरेटरमधून फटफट असा आवाज येतो. इनटेकचा झिजला तर तेवढा सिलिंडर अर्धपोटी राहतो आणि ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढताना गाडी ओढत नाही. कार्बोरेटरमधील आवाजाला पातळ मिश्रण किंवा ठिणगीचे चुकलेले टायमिंगही कारणीभूत असू शकते, म्हणून केवळ कानावर विसंबून इंजिन उघडू नये.

पहिली तपासणी कॉम्प्रेशनची करावी. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे गेजवरील आकडा पुस्तकातील आकड्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी येणे स्वाभाविक आहे. म्हणून चारही सिलिंडरांची तुलना आपापसांतच करावी. एखाद्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असेल, पण त्याच सिलिंडरमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना बाहेरून दाबाची हवा सोडल्यावर ती गळत नसेल, तर रिंग आणि व्हॉल्व्ह निर्दोष असून हवा आत येण्याच्या मार्गातच अडचण आहे, असा निष्कर्ष निघतो. या दोन चाचण्या एकत्र वाचण्याची सवय आपल्याकडे फारशी नाही, आणि त्यामुळे कित्येक चांगल्या रिंगा विनाकारण बदलल्या जातात.

त्यानंतर रॉकर कव्हर काढून, पुशरॉडच्या (टॅपेटवरून रॉकरला ढकलणाऱ्या दांड्याच्या) बाजूच्या स्क्रूच्या माथ्यावर डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे मापक) टेकवावा, प्लग काढून ठेवावेत आणि हँडलने इंजिन सावकाश फिरवून प्रत्येक लोबची उचल लिहून घ्यावी. चार इनटेकची तुलना इनटेकशी आणि चार एक्झॉस्टची एक्झॉस्टशी करावी. एखादी उचल इतरांपेक्षा एक दशांश मिलिमीटरहून अधिक कमी भरली, तर तो लोब संशयित मानावा. अँबॅसिडरच्या या इंजिनात टॅपेट बाजूच्या कव्हरमधून बाहेर काढता येतात, परंतु रॉकर शाफ्टचे काही नट हेडलाही धरून असतात. म्हणून आधी रेडिएटरचे पाणी काढावे आणि हेडचे सर्व नट क्रमाने, थोडे थोडे सैल करावेत, अन्यथा हेड वाकण्याची भीती राहते. बाहेर काढलेल्या टॅपेटच्या तळावर दुसऱ्याची धार उभी धरून उजेडाकडे पाहावे. मधोमध उजेड दिसला तर तळ खोलगट झाला आहे, आणि असा टॅपेट ज्या लोबवर चालला तो लोबही निकामी समजावा.

हे का घडते, हे कळले तर पुढची काळजी आपोआप सुचते. सपाट म्हटला जाणारा टॅपेटचा तळ बहुधा किंचित फुगीर असतो आणि लोबला मिलिमीटरच्या काही शतांशांइतका उतार दिलेला असतो, जेणेकरून टॅपेट उचलला जाताना स्वतःभोवती फिरत राहावा. तो फिरणे थांबले की एकच जागा घासली जाते आणि लोबचा कठीण थर अल्पावधीत निघून जातो. म्हणून नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट कधीही बसवू नयेत. जुनाच कॅमशाफ्ट वापरायचा असेल, तर प्रत्येक टॅपेट त्याच्या मूळ लोबवरच परत जावा. कॅमशाफ्ट ग्राइंड करून आणला असल्यास कठीण थर शिल्लक आहे की नाही, हे हीट ट्रीटमेंटचे काम करणाऱ्याकडून मोजून घ्यावे. टॅपेट आपल्या छिद्रात बोटाने सहज फिरला पाहिजे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली जादा वॉशर घालून त्या कडक करण्याची हौस मात्र सोडून द्यावी.

बसवताना लोब आणि टॅपेटच्या तळाला कॅमसाठीची मॉलिब्डेनमयुक्त असेंब्ली पेस्ट लावावी, टॅपेटच्या बाजूंना केवळ ऑइल. चाकाच्या बेअरिंगचे ग्रीस येथे चालत नाही. ऑइलमधील झिंक-फॉस्फरसचे रसायन लोबला वाचवते. ऑइलच्या दर्जाच्या एपीआय मानकातील एसएम आणि त्यानंतरच्या श्रेणींत ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलांमधील फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. म्हणून डब्यावरील श्रेणीबरोबर उत्पादकाच्या तक्त्यातील फॉस्फरसचा आकडाही पाहावा. वरून झिंकची बाटली ओतण्याबाबत मी उत्साही नाही, कारण प्रमाण जास्त झाले तर उलट अपाय होतो.

सर्वाधिक धोका पहिल्या अर्ध्या तासात असतो. या इंजिनांत लोबना ऑइल मुख्यतः क्रँकच्या फेकीतून मिळते, आणि मंद आयडलवर ती फेक अपुरी पडते. इंजिन वारंवार स्टार्टरने फिरवत राहिल्यास पेस्ट निघून जाते; म्हणून टायमिंग आधीच नेमके लावावे, कार्बोरेटरच्या कपात पेट्रोल भरावे आणि ऑइल प्रेशर गेजच्या जोडणीतून दाबाने ऑइल आत सोडून गॅलरी (ब्लॉकमधील ऑइलचे मार्ग) भरून घ्यावी. इंजिन सुरू होताच ते १५०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान, वेग कमीजास्त करीत, वीस ते तीस मिनिटे चालवावे. मे महिन्यातील इंदूरच्या उन्हात हे काम पहाटे करावे आणि रेडिएटरसमोर मोठा पंखा लावावा. ऑइलचे प्रेशर पडले किंवा पाणी उकळू लागले, तर इंजिन तत्काळ बंद करावे, कारण दोष दूर करून उरलेली मिनिटे नंतर पूर्ण करता येतात. मध्येच आयडलवर ठेवून कार्बोरेटर जुळवत बसू नये.

त्यानंतर ऑइल आणि फिल्टर लगेच बदलावेत आणि जुना फिल्टर कापून त्यातील कणांवर चुंबक फिरवावा. थोडी करडी भुकटी अपेक्षित असते, पण चमकणारे कण दिसले तर गाडी रस्त्यावर नेऊ नये. पुन्हा ५०० किलोमीटरला ऑइल बदलताना टॅपेटचे अंतर तपासावे आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा वहीत नोंदवावा. ज्याचे अंतर वाढलेले आढळेल, त्याचा स्क्रू आवळण्यापूर्वी त्या लोबची उचल डायल गेजने मोजावी.