जुन्या पिकअपचं स्टेअरिंग सैल झालंय? बॉक्सला हात लावायच्या आधी हे बघा

जुनी पिकअप हायवेवर सरळ धावत नसली, डुलत जात असली की दोनच उत्तरं मिळतात, बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं पुढच्या चाकांकडं पाठवणारा गिअरबॉक्स) गेलाय नाहीतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. दोन्ही खरं असू शकतं, पण दोन्ही शेवटी बघायचं, कारण मधला एखादा सांधा सैल असताना केलेलं अलाइनमेंट चार दिवस पण टिकत नाही.

आधी नक्की काय होतंय ते ठरवा. स्टेअरिंग फिरवलं तरी चाक जागचं हलत नाही, हा झाला प्ले. स्टेअरिंग धरून ठेवलंय तरी गाडी कधी डावीकडं कधी उजवीकडं जाते, ते डुलणं. आणि कायम एकाच बाजूला ओढते तर पहिल्यांदा टायर आणि धरून बसणारा ब्रेक बघा, ते वेगळं दुखणं आहे.

सुरुवात हवेपासून. सकाळी गाडी थंड असताना चारी टायरची हवा कंपनीने दिलेल्या आकड्याप्रमाणे करा, आणि पुढं एक रेडियल एक नायलॉन असली जोडी असेल तर बाकी काही तपासण्यात अर्थच नाही, आधी टायर बदला. माल कसा भरता ते पण बघा, कोल्हापूरच्या मार्केट यार्डातनं गुळाचे रवे (ढेपा) मागच्या फाळक्याला टेकवून भरले की पुढचं तोंड हलकं होतं आणि गगनबावड्याच्या रस्त्याला गाडी तरंगल्यासारखी वाटते, त्यात स्टेअरिंगचा काही दोष नसतो.

आता खरी तपासणी, याला दोन माणसं पाहिजेत. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवरच, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. एकानं स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवत राहायचं (पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून) आणि दुसऱ्यानं खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवायचा, डोळ्याला दिसत नाही तो खटका बोटाला कळतो. वरून खाली या: कॉलमचा (स्टेअरिंगखालच्या दांड्याचा) क्रॉस किंवा रबर कपलिंग, बॉक्सचा शाफ्ट, ड्रॉप आर्म (बॉक्समधनं निघणारा हात), ड्रॅग लिंक (त्या हातापासून चाकाकडं जाणारा दांडा), मग दोन्हीकडचे टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचे सांधे). जिथं अलीकडचा तुकडा हलतोय आणि पलीकडचा थांबलाय तिथंच बिघाड. बॉक्स स्वतःच चेसिसवर हलत असेल तर बोल्ट सैल आहेत, आणि बोल्टच्या भोवती चेसिसला तडा गेलाय का तेही माती पुसून नीट बघा, जुन्या लोडच्या गाडीला हे होतं.

मग पुढचं चाक जॅकवर उचला, पण नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही म्हणजे नाही, स्टँड लावाच. स्प्रिंग किंवा टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्या आर्मखालीच लावा, म्हणजे बॉल जॉइंटवरचा (चाकाकडचा भाग आर्मला जोडणाऱ्या गोळ्याच्या सांध्यावरचा) ताण सुटतो. चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा, ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंग पिन (चाक ज्या खिळीवर डावं-उजवं वळतं ती) नाहीतर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडं धरून हलतंय आणि वर-खाली नाही, तर बहुतेक टाय रॉड एंड. किंग पिनचे बुश बदलताना रीमर मारून (भोक बरोब्बर मापाला कापून) नीट बसवून घ्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्या कामाला माणसं आहेत, नुसते ठोकून बसवले तर स्टेअरिंग जड होतं.

मागचा भाग लोक बघतच नाहीत. पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी), यू बोल्ट (पाटा अ‍ॅक्सलला आवळणारे) सैल असले की मागचा अ‍ॅक्सलच गाडीला वळवतो. स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत दोन्हीकडनं टेप लावा, फरक दिसला तर सेंटर बोल्ट (पाट्याच्या मधला बोल्ट) तुटून अ‍ॅक्सल सरकलाय का बघा. आणि मागं जादा पाटा टाकून गाडी उंच केली असेल तर रिकामी असताना तोंड खाली जातं, कॅस्टर (चाक आपोआप सरळ ठेवणारा मागं झुकलेला कोन) कमी होतो, मग गाडी डुलणारच.

एवढं सगळं घट्ट असेल तरच बॉक्स. त्याचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळून प्ले मारायची सवय फार वाईट. बॉक्स मधल्या भागात जास्त झिजतो कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, मध्यावरचा प्ले जाईपर्यंत आवळला की वळणावर बॉक्स आवळतो, स्टेअरिंग आपोआप परत येत नाही, आणि घाटात हे जिवावर बेतेल. थोडासा फिरवून फरक पडला नाही तर बॉक्स खोला.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त चालत नाही. ४० सेंटीमीटरच्या स्टेअरिंगला ते कडेवर साधारण १० सेंटीमीटर होतात. माझ्या मते तेवढी वाट बघूच नका, तीन-चार सेंटीमीटरला खाली शिरा.

सगळे पार्ट बदलून झाले, स्प्लिट पिना नवीन घातल्या, ग्रीस मारलं की मगच अलाइनमेंट. टो-आउट (पुढची चाकं पुढच्या बाजूला बाहेर फाकलेली) राहिला तर गाडी परत डुलते म्हणून रिपोर्ट हातात घ्या. यू बोल्ट थोडे दिवस माल मारल्यावर परत एकदा आवळून घ्या.