पत्र्याची कोठी: धान्याआधी पाणी भरून बघा

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून मुद्द्याचं आधी. घरी केलेल्या कोठीत धान्य सडलं की दोष पत्र्याला देतात. मी पाहिलेल्या बहुतेक कोठ्यांत गळत होता तो बुडाचा सांधा. कोठी चकाकते, लगेच पोती रिकामी होतात, पाणी भरून बघायला कोणी थांबत नाही. भर पावसात तळाचा थर ढेप होऊन निघतो.

साहित्य, माप:
- जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, २४ गेज (जाडीचं माप), ८ × ४ फूट, बूड-झाकणाचा वेगळा
- सांध्यात दुमडायच्या घडीला ३ सेंमी सोडून व्यास सुमारे ७६ सेंमी. चारेक क्विंटल गहू मावतो
- बिनशिशाचं कथील, झिंक क्लोराइडचा फ्लक्स (कथील पत्र्याला धरावं म्हणून आधी लावायचं द्रावण)

वेल्डिंग नको. जस्त जळतं, गंज तिथूनच धरतो आणि धूर छातीला वाईट. घडी ठोकून डाख द्या, म्हणजे कथील वितळवून सांधा भरा, तोही उघड्यावर. कथील नुसतं वर थापून चालत नाही, घडीत ओढलं गेलं पाहिजे: आतल्या बाजूला सलग रुपेरी रेघ दिसली तर सांधा भरला, गोळे दिसले तर पुन्हा तापवा. फ्लक्स सोड्याच्या पाण्याने धुवा; राहिला तर तो सांधा खातो.

आता पाणी. कोठी विटांवर ठेवा, वीतभर पाणी भरा, त्यात चिमूटभर साबणाची पूड टाका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून साधं पाणी लवकर उतरत नाही, साबणाचं उतरतं. रात्रभर ठेवा, सकाळी खालून कोरडं बोट फिरवा. उभ्या सांध्यासाठी अंधारात आत बॅटरी लावा, बाहेरून बघा. उजेडाचा ठिपका दिसेल तिथे पुन्हा डाख, आणि पुन्हा पाणी. मग उन्हात खडखडीत वाळवा.

भरताना:
- ओलावा: तृणधान्य १२ टक्क्यांच्या आत, डाळी ९-१०
- ऊन दिलेलं धान्य गार करूनच भरा
- काठोकाठ भरा. हवा कमी, कीड कमी
- लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर, सावलीत

दाणा दाताखाली कट्कन तुटला तर मी भरतो, चेपला तर आणखी ऊन देतो. ओलावामापक मिळाला तर त्याचंच ऐका.

दुकानदार विषारी धुरीच्या गोळ्या पुढे करेल. राहत्या घरात त्या जिवावर बेततात, आणि गळक्या कोठीत वायू टिकतच नाही. डाळीला किलोमागे ५ मिली खाद्यतेल चोळा. कडुलिंबाचा वाळका पालाही मी टाकतो. उपयोग किती, ते छातीठोक सांगणार नाही.